प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत : तरुण संशोधकांना हिशेब शिकविण्याविषयी

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाची संहिता)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपणांसमोर जमाखर्चाचा गोषवारा मांडतो. किती खाटा, किती शस्त्रक्रिया, किती रुग्णांना सवलत, विजेचे देयक किती आणि तूट किती, हाच माझा विषय. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रातले मला जे थोडेफार समजते ते या इमारतीच्या व्हरांड्यातून फिरताना कानावर पडलेले. यंदा मात्र विश्वस्त मंडळाने एका नव्या उपक्रमास मान्यता दिली असून त्याची माहिती मीच द्यावी अशी अध्यक्ष महोदयांची आज्ञा झाली.

उपक्रम लहानसा आहे. रोगप्रतिकारशास्त्रात, म्हणजे शरीर रोगाशी कसे झुंजते याच्या अभ्यासात, नुकतेच पाऊल टाकलेल्या दोन तरुण संशोधकांनी दरवर्षी पंधरा दिवस आपल्या रुग्णालयात यावे आणि औषध भांडार, प्रयोगशाळा, बिलाचा काउंटर आणि माझे कार्यालय येथे बसून एखादे औषध किंवा तपासणीचा संच रुग्णापर्यंत प्रत्यक्षात कसा पोहोचतो हे पाहावे, एवढाच त्याचा हेतू. त्यांना विद्यावेतन द्यायचे नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि आमचा वेळ, एवढेच द्यायचे आहे.

ही गोष्ट कळल्यावर आमचे एक ज्येष्ठ देणगीदार मुद्दाम कार्यालयात आले. गेली अनेक वर्षे ते न चुकता देणगी देतात. ते म्हणाले, "साहेब, आम्ही पावती फाडतो ती गरिबाच्या खाटेसाठी. उद्या कंपनी काढणाऱ्या पोरांना धंदा शिकविण्यासाठी नव्हे." काकांचा आक्षेप रास्त आहे आणि तो इतरांच्याही मनात असेल. म्हणून आजचे हे भाषण म्हणजे त्यांना दिलेले उत्तरच आहे, असे समजावे.

आरंभ आपल्याच औषध भांडारातील शीतकपाटापासून करतो. भातलावणीचे दिवस आले की आम्ही त्यात सर्पविषावरील लसीच्या कुप्या भरून ठेवतो. पनवेल तालुक्यातील वाड्यापाड्यांवरून, चिखलात अनवाणी राबणारे स्त्रीपुरुष सर्पदंश होऊन येतात, तेव्हा याच कुप्या कामी येतात. ही लस म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राचे सर्वांत परिचित फळ होय. घोड्याच्या शरीरात सापाचे विष अत्यल्प मात्रेने, हळूहळू वाढवीत टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार करते. त्याच्या रक्तातून ती वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. हे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच सिद्ध झाले होते. परंतु तत्त्व सिद्ध होणे निराळे आणि श्रावणातल्या पावसात, मध्यरात्री, पनवेलच्या शीतकपाटात कुपी असणे निराळे. या दोहोंच्या मध्ये घोड्यांचा तबेला, चारा, पशुवैद्य, शुद्धीकरण, निर्जंतुकीकरण, परवाना, वाहतूक, बर्फ, मुदत आणि किंमत एवढा पसारा आहे. तो कोणी तरी उभा केला म्हणून आपला माणूस वाचतो.

आपल्या मुंबई प्रांताला हा पसारा नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास येथे पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत, हाताशी मोजकी माणसे घेऊन त्यांनी अवघ्या काही महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

याच लसीच्या इतिहासात एक काळा दिवसही आहे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचून घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतील होती. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांना काम सोडावे लागले आणि ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. लस शोधणे ही एक विद्या आहे. तीच लस लाखो वेळा, प्रत्येक बाटलीत तितकीच शुद्ध करणे आणि ती उघडणाऱ्या शेवटच्या हातापर्यंत शुद्ध राखणे ही दुसरी. पुढे १९७५ साली राज्य शासनाने परळ येथे संशोधनाची संस्था आणि उत्पादनाचे महामंडळ अशी विभागणी केली, त्यामागे या दोन विद्यांचा भेद असावा, असे मला आपले व्यवहारी बुद्धीने वाटते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. डॉ. सायरस पूनावाला यांच्या कुटुंबाचा व्यवसाय शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा. निवृत्त घोडे रक्तजल काढण्यासाठी हाफकिन संस्थेस दिले जात. घोडे आपले आणि त्यांच्यापासून होणारे औषध मात्र दुसरीकडे, हे पाहून ते आपणच का करू नये, असा विचार पुढे आला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. त्याच साली ते पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून पदवीधर झाले होते. वाणिज्याचा पदवीधर म्हणून हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, तो आपण क्षमा करावा.

परंतु त्या संस्थेच्या इतिहासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. आफ्रिकेतील काही देशांत मेंदूच्या आवरणाच्या दाहाची साथ वारंवार येत असे. त्यावर लस करण्याचा प्रकल्प जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने हाती घेतला, तेव्हा सर्वप्रथम किंमत ठरविण्यात आली : एका मात्रेस अर्ध्या डॉलरपेक्षा अधिक पडता कामा नये, कारण त्याहून महाग लस त्या देशांना परवडणारच नव्हती. त्यानंतर त्या किमतीत बसेल असे तंत्र आणि असा उत्पादक शोधण्यात आला. तंत्र अमेरिकेतील सरकारी प्रयोगशाळेतून आले, उत्पादन पुण्यात झाले आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशात लसीकरणास प्रारंभ झाला. किंमत आधी आणि कृती नंतर! आमच्या घरांतून गृहिणी महिन्याचा बाजार याच पद्धतीने करतात. परंतु विद्यापीठात शिकणाऱ्या संशोधकास असा विचार सहसा कोणी शिकवीत नाही.

आता अगदी शेजारच्या गोष्टीकडे येतो. आपल्या पनवेल तालुक्यातच, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. ४ जून २०२१ रोजी तेथील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात भारतातील पहिला कार-टी पेशी उपचार करण्यात आला. या उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, बाहेर काढतात. कर्करोगाची पेशी ओळखता यावी यासाठी त्यांच्यात प्रयोगशाळेत जनुकीय बदल करतात. त्यांची संख्या वाढवितात आणि पुन्हा त्याच रुग्णाला देतात. प्रत्येक रुग्णाचे औषध निराळे, त्याच्या स्वतःच्या रक्तातून घडविलेले. त्या पेशींची रचना पवई येथील आयआयटी मुंबईत, डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या तरुण विद्यार्थी-संशोधकांच्या परिश्रमांतून झाली होती.

कर्करोगावर अशा प्रकारचा पहिला उपचार अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये संमत झाला, तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपयांहून अधिक. पवईचे काम शोधनिबंध छापून थांबले असते, तर आपल्या देशाला त्या किमतीकडे नुसते पाहत राहावे लागले असते. तसे झाले नाही. २०१८ साली या मंडळींनी इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी स्थापन केली. होतकरू उद्योगांना आधार देण्यासाठी आयआयटी मुंबईने २००४ साली सुरू केलेल्या साइन या केंद्राचा आश्रय तिला मिळाला, शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने चाचण्यांसाठी निधी दिला, टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी चाचण्या केल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने नेक्सकार-१९ या नावाने हा उपचार संमत केला आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. किंमत ४० लाख रुपयांच्या घरात असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. २०२५ साली लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या नियतकालिकात चाचण्यांचे निष्कर्ष आले. ज्या रुग्णांचे मूल्यमापन करता आले त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला होता. उपचार जोखमीचा आहे आणि सर्वांना लागू पडत नाही, हेही येथे स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे.

परदेशातील किमतीच्या हे कितीतरी कमी. आपणा सर्वांप्रमाणे मलाही ती बातमी वाचून आनंद झाला. त्यानंतर काही दिवसांनी एक गृहस्थ त्या बातमीचे कात्रण घेऊन आमच्या काउंटरवर आले. त्यांच्या तरुण मुलाचा लसिकाग्रंथींचा कर्करोग उपचारांनंतर उलटला होता. काउंटरवरील भगिनींनी त्यांना माझ्याकडे पाठविले. ते म्हणाले, "साहेब, चाळीस लाख म्हणजे आकड्यात किती, ते जरा लिहून द्या." मी एका कोऱ्या पावतीच्या मागे चार आणि त्यापुढे सहा शून्ये लिहिली. त्यांनी शून्ये बोटाने मोजली, कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. त्यांच्या मुलाची कागदपत्रे घेऊन आम्ही त्यांना मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे पत्र देऊन पाठविले. त्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते.

मंडळी, त्या दिवशी मला दोन गोष्टी एकाच वेळी जाणवल्या. कंपनी निघाली नसती तर तीन कोटींचे चाळीस लाख झाले नसते. आणि चाळीस लाखांवर जर आपण थांबलो, तर तो कागद खिशातच राहील. तेव्हा पुढचे संशोधक जे घडतील, त्यांना कंपनी काढताही यावी आणि तो कागदही त्यांनी कधी तरी पाहिलेला असावा, ही माझी तळमळ आहे.

आज अशा तरुणांना शिकविण्याच्या सोयी नाहीत असे नाही. पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर कार्यरत आहे. केंद्र शासनाने २०१२ साली बायरॅक ही संस्था स्थापन केली. नव्या कल्पनेची सिद्धता तपासण्यासाठी ती ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. एकस्व म्हणजे पेटंट कसे घ्यावे, निधी कसा मागावा, नियामकापुढे कागदपत्रे कशी मांडावीत, याचे मार्गदर्शन अशा केंद्रांतून मिळते. त्याची गरज किती आहे, याचे एकच उदाहरण देतो. केंब्रिज येथील सीझर मिलस्टीन आणि जॉर्ज कोलर यांनी १९७५ साली एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची पद्धती शोधली व ती प्रसिद्ध केली. तिचे एकस्व घेतले गेले नाही. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्या पद्धतीतून निघालेल्या औषधांवर जगभर अफाट उलाढाल चालते. शोध खुला राहिला याचा जगाला लाभच झाला, असे म्हणणारेही आहेत आणि मी त्या वादात पडत नाही. परंतु शोध खुला ठेवायचा की राखायचा, हा निर्णय जाणूनबुजून व्हावा. आपल्याकडेही अर्ज करण्यापूर्वी शोधनिबंध छापला तर एकस्वाचा हक्क बहुधा गमावला जातो, ही साधी गोष्ट अनेक तरुणांना फार उशिरा समजते.

हे सारे त्या केंद्रांनी शिकवावे. तो आमचा अधिकार नव्हे. आम्ही शिकवू शकतो ते निराळे आहे आणि ते सांगण्यासाठी मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, या क्षेत्रात मी नवखा असताना, एका संस्थेत रक्ततपासणीचे एक यंत्र घेण्याची शिफारस मी केली. यंत्र उत्तम होते आणि किंमतही वाजवी होती. त्याला लागणारी रसायने मात्र एकाच ठिकाणाहून घ्यावी लागत, हे मी पाहिले नाही. एक पेटी उघडली की ती महिन्याभरात संपवावी लागे आणि आमच्याकडे तेवढे रुग्णच नव्हते. वर्षभरात त्या यंत्रावर कापड पडले. देणगीतून आलेला तो पैसा होता. दोष विक्रेत्याचा नव्हता, यंत्र शोधणाऱ्याचाही नव्हता; विचारायचे प्रश्न मी विचारले नाहीत.

ते प्रश्न आज आमच्या भांडारातील कर्मचाऱ्यांना तोंडपाठ आहेत. गेल्या वर्षी एक तरुण संशोधिका रोगनिदानाच्या आपल्या नव्या संचाविषयी बोलावयास आल्या होत्या. आमच्या भांडारपालांनी त्यांना विचारले : ताई, वीज सहा तास गेली तर हे टिकेल का? रात्रपाळीला एकच तंत्रज्ञ असतो, त्याला ही तपासणी दुसरे काम सोडून करावी लागेल का? एक पेटी किती रुग्णांची आणि उघडल्यावर मुदत किती? देयक चुकते करण्यास आम्हाला किती दिवसांची सवड? मुदत संपलेला माल परत घ्याल का? शेवटी, रुग्णाकडून आम्ही किती रुपये घ्यावेत, अशी आपली कल्पना आहे? त्या ताई हुशार होत्या. त्यांनी वही उघडली आणि उत्तरे न देता प्रश्नच लिहून घेतले. जाताना म्हणाल्या, "सर, चार वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं." या उपक्रमाची कल्पना त्या वाक्यातून निघाली.

आता काकांच्या आक्षेपाकडे वळतो. धर्मादाय संस्थेने कोणाच्या व्यापाराचे साधन होऊ नये, हे मला मान्य आहे. म्हणून विश्वस्त मंडळाने काही अटी घातल्या आहेत. त्या मी जशाच्या तशा सांगतो. रुग्णाच्या रक्ताचा थेंब, अहवालाची प्रत किंवा नाव-पत्ता या पाहुण्यांना मिळणार नाही. कोणास संशोधनासाठी नमुने हवे असतील तर त्यांनी नोंदणीकृत नीतिसमितीचा व रुग्णाच्या लेखी संमतीचा रीतसर मार्ग धरावा. तो या उपक्रमाचा भाग नाही. कोणत्याही कंपनीत रुग्णालय वा विश्वस्त भाग घेणार नाहीत. येथे शिकून गेलेल्याचे उत्पादन पुढे बाजारात आले, तर ते इतरांप्रमाणेच दरपत्रक देऊन येईल आणि खरेदी समितीत त्यास झुकते माप मिळणार नाही. देणगीच्या रकमेतून यावर खर्च पडणार नाही. चहा-नाश्त्याचा खर्च आम्ही कर्मचाऱ्यांनी आपसांत वाटून घेतला आहे.

त्या बदल्यात या तरुणांकडून आमची एकच अपेक्षा आहे. पंधराव्या दिवशी त्यांनी आपल्या संशोधनाचा एका पानाचा हिशेब मांडावा : हे उद्या औषध झाले, तर पनवेलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला ते किती रुपयांस पडेल, आणि ती रक्कम निम्मी करायची असेल तर कोणती पायरी बदलावी लागेल? आकडे चुकतील, हे मला ठाऊक आहे. आमचेही अंदाजपत्रक दरवर्षी चुकते. परंतु आकडा चुकला तर तो दुरुस्त करता येतो. तो मांडलाच नाही तर दुरुस्त करायला काहीच हाती राहत नाही.

काकांना मी एवढेच म्हणालो की, काका, तुमच्या पावतीने आज एका गरिबाची खाट भरते. त्या खाटेवरच्या माणसाला उद्या जे औषध लागणार आहे, ते आज कुठल्या तरी प्रयोगशाळेत पंचविशी-तिशीतले एखादे पोर घडवीत आहे. त्याने किंमत ठरविण्यापूर्वी एकदा ही खाट पाहून जावी, एवढीच माझी विनंती आहे. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पहिली दोन पोरं आली की मला कळवा. त्यांना मीही दोन प्रश्न विचारीन." त्यांचे नाव न घेता, सर्वांसमक्ष, मी त्यांना निमंत्रण देत आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही विनंती आहे. या पंधरा दिवसांत कोणी तरुण मुलगा वा मुलगी काउंटरजवळ वही घेऊन उभी दिसली आणि त्यांनी आपणांस काही विचारले, तर इच्छा असल्यास उत्तर द्यावे. इच्छा नसल्यास नाही म्हणावे. त्यामुळे आपल्या उपचारात तिळमात्र फरक पडणार नाही, याची ग्वाही मी रुग्णालयाच्या वतीने देतो.

 जमाखर्चाचा तपशील नेहमीप्रमाणे पुढील पानांवर आहेच. तो अवश्य पाहावा आणि शंका असल्यास मला निःसंकोच विचारावे.